चिखलावरची फळी

“तिकीट तुम्ही काढलंय, प्राण्यांनी नाही; तेव्हा ते आले नाहीत तर मला विचारू नका.”

फळीमास्तर हे ज्या बाईंना म्हणाला, त्या तडक माझ्या खिडकीवर आल्या आणि त्यांनी तक्रारवही मागितली. सोबत दोन मुलं, गळ्यात नवी दुर्बीण, बुटांना चिखल. त्यांनी अर्धं पान भरलं. मी वही परत घेतली, नोंदीखाली शिक्का मारला आणि मनातल्या मनात त्यांच्याच बाजूने सही केली. मला मास्तर कधीच आवडला नाही. अकरा वर्षं मी त्या वनोद्यानाच्या तिकीटखिडकीत बसलो. अकरा वर्षं आमच्या दोन क्वार्टर्सची मधली भिंत एक होती. तेवढ्या काळात त्याने मला नावाने एकदाही हाक मारली नाही. “ए खिडकी,” म्हणायचा. “आज किती मुंडकी?”

मुंडकी म्हणजे आलेले लोक.

तळं मोठं होतं. समोरचा काठ बहुतेक दिवस दिसायचाच नाही. तीन बाजूंना जंगल आणि चौथ्या बाजूला फाटक, गाड्या लावायची जागा, माहिती केंद्र, आणि आम्ही. फाटकाच्या कमानीवर एक पाणमांजर रंगवलेलं होतं, दोन पायांवर उभं, माणसासारखं हसणारं. लोक त्याच्याखाली फोटो काढून आत यायचे आणि आत खरं पाणमांजर शोधायचे. जंगल तसं काही दाखवत नाही. ते पाठ करून उभं राहतं आणि आपण त्याच्या पाठीकडे बघून परत येतो. हे लोकांना सांगायचं काम मास्तरकडे होतं आणि तो ते गोड करून सांगत नसे.

त्याची नेमणूक निसर्गफेरीवर होती. फेरी सकाळी सातला निघायची. पण त्याचं खरं काम आदल्या संध्याकाळी सुरू व्हायचं. शेवटची गाडी बाहेर पडली की तो तळ्याच्या दक्षिण काठावर जायचा. तिथे एक ओढा तळ्याला मिळतो आणि त्याच्या तोंडाशी चिखलाचा पट्टा होता, खाटेएवढा रुंद आणि पंधरावीस पावलं लांब. जवळच्या झाडाला टेकवून ठेवलेली एक जाड फळी तो घ्यायचा आणि त्या पट्ट्यावरून फिरवायचा. ओणवा होऊन, मागे मागे सरत, स्वतःचं पाऊलसुद्धा उरू नये असा. गवंडी भिंत घोटतो तसा तो चिखल घोटायचा. रात्रभरात जे कोणी पाणी प्यायला येईल त्याचे पाय त्यावर उमटायचे. सकाळी मास्तर ते फेरीतल्या लोकांना वाचून दाखवायचा: हा कोल्हा, घाईत नव्हता. हा बगळा, इथे बराच वेळ उभा होता. मग परत येऊन माहिती केंद्राच्या दारातल्या काळ्या तक्त्यावर ‘आज दिसलं’ ह्या अक्षरांखाली खडूने तेवढंच लिहायचा. काही उमटलं नसेल तर लिहायचा: ‘काही नाही’. बावीस वर्षांत त्या तक्त्यावर दुसऱ्या कोणाचं अक्षर उमटलं नव्हतं.

त्याचे नियम होते. फोन केंद्रातल्या लाकडी पेटीत टाकायचे, मगच निघायचं. लाकडी पुलापासून काठापर्यंत एक शब्द नाही. शिंक आली तर, तो म्हणायचा, गिळा. एका गृहस्थांनी विचारलं, “आणि नाही गिळता आली तर?” मास्तर म्हणाला, “तर परत जाताना एकटे जा. वाट सरळ आहे.” लोक हसले. मास्तर हसला नाही, आणि ते गृहस्थ पुलावरूनच परतले. मी त्यांना खिडकीतून चहाच्या टपरीची दिशा दाखवली.

पाणमांजराचे पाय त्या चिखलावर दोन वर्षांत उमटले नव्हते.

नवे साहेब आले ते ह्याच सुमारास. तरुण, बूट स्वच्छ, बोलणं मऊ. लोकांनी जाताना कागदावर काय लिहिलं ते वाचायचा त्यांना नाद होता.

“मास्तर, लोक इथे अनुभव घ्यायला येतात,” साहेब म्हणाले.

“घेऊ दे की. डास आहेत, चिखल आहे.”

“मी गंमत करत नाहीये.”

“मी कुठे करतोय?”

साहेबांनी सुचवलं की काठावर झुडपात एक छोटा स्पीकर लपवावा आणि पाणमांजराची शीळ वाजवावी. मास्तर म्हणाला, जरूर वाजवा, मी तुमच्या घराबाहेर तुमच्या बायकोचा आवाज काढतो, बघू तुम्ही किती वेळा बाहेर येता. त्यानंतर दोघं एकमेकांशी फक्त कागदावर बोलू लागले. ते कागद माझ्या खिडकीतून जायचे, आणि खोटं कशाला बोलू, मी ते वाचायचो.

एक कागद वेगळा होता. वरच्या कचेरीतून आलेला. ज्या उद्यानांत निसर्गकार्यक्रमांना येणारे लोक कमी होत आहेत तिथले कार्यक्रम महिनाअखेर बंद करावेत, त्यावरची कंत्राटी पदंही. साहेबांनी त्याखाली लिहिलं होतं, उद्यानाचं बोधचिन्ह असलेला प्राणी परतल्याचा पुरावा मिळाल्यास फेरविचाराची विनंती करता येईल. मास्तर कायम नोकरीत होता, त्याला दुसरीकडे कुठेतरी टाकलं असतं. कंत्राटी पद एकच होतं. माहिती केंद्राच्या टेबलाचं. त्या टेबलामागे त्याची मुलगी बसायची.

ती चार वर्षांपूर्वी एका बॅगेनिशी आली. नवऱ्याच्या घरून. डावं मनगट मोडून वाकडं बसलं होतं, ते तसंच राहिलं. आल्यावर बापाने काही विचारलं नाही, आणि तिने त्यासाठी त्याला कधी माफ केलं नाही. मास्तरची बायको आधीच तिच्या बहिणीकडे राहायला गेली होती, ती परत आली नाही. तेव्हा त्या दोन खोल्यांत दोघंच, आणि मधल्या भिंतीच्या अलीकडे मी. भिंत पातळ होती.

“एकदाच लिहा ना तक्त्यावर, बाबा. कोण येणारे तपासायला?”

“दिसलं नाही.”

“तुम्हाला नाही दिसलं म्हणजे नाहीच का?”

“माझ्या तक्त्यावर नाही.”

“तक्ता सरकारी आहे.”

“हात माझा आहे.”

भांडं आपटल्याचा आवाज.

“आई काय खोटं म्हणायची? चिखलावरून जेवढ्या मायेने हात फिरवता...”

“आई गेली. तुला कोणी धरलंय?”

 मी कान भिंतीला लावला नव्हता, पण दूरही नेला नव्हता.

“कुठे जाऊ?” ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. “तिकडे? तो तर वाटच बघतोय. परवा फोन आला होता. म्हणाला, टेबल गेलं की कळेल तुला.”

 मास्तरने दिव्याचं बटण दाबलं, एवढंच ऐकू आलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दर रविवारी दुपारी मास्तर मुलांचा वर्ग घ्यायचा. एका पसरट पेटीत ओली वाळू, आणि खणात प्लास्टरचे पंजे. मुलांनी पंजा वाळूत दाबायचा आणि ठसा ओळखायचा. पाणमांजराचे चार पंजे होते, दोन पुढचे, दोन मागचे. त्यातले तीन, शाळांच्या सहलींनी फोडले. उरला एक, पुढचा उजवा. मास्तरने नवे मागवण्याबद्दल पाच वेळा लिहिलं होतं, पाचही कागद मी पुढे पाठवले. उरलेल्या एका पंजावर तो वर्ग चालवायचा. “पाच बोटं,” तो म्हणायचा. “आतलं बोट धाकटं आणि जरा मागे. धाकटं बोट डावीकडे तर पाय उजवा, उजवीकडे तर पाय डावा. दोन्ही दिसायला हवेत. जनावर लंगडी घालत पाणी प्यायला येत नाही.” मुलं खिदळायची. त्याच्या मुलीला हे टेबलामागे दर रविवारी ऐकू यायचं. पण आपण घरातल्या माणसाचं किती ऐकतो?

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहाटे शेजारची कडी वाजली. मला वाटलं मास्तर. मी कूस बदलली.

त्या सकाळी फेरीला बत्तीस जण होते. साहेबही आले. रांगेच्या शेवटी चालणारा रखवालदार रजेवर, म्हणून साहेबांनी मला खिडकी बंद करून शेपटाला उभं केलं. आणि बत्तिसांत त्या बाई होत्या, तक्रारवहीवाल्या. तीच दुर्बीण, तीच दोन मुलं. मास्तरने त्यांना ओळखलं.

“पुन्हा आलात?”

“तिकीट काढलंय,” बाई म्हणाल्या.

मास्तरने पेटी पुढे केली. एकेकाने फोन टाकले. साहेबांनी खिशावर हात ठेवला.

“माझाही?”

“जनावराला हुद्दा कळत नाही.”

साहेबांनी फोन टाकला, हळूच, अंड्यासारखा. तेवढ्यात टेबलामागून मुलगी उठली. “मीपण येते,” म्हणाली. चार वर्षांत ती फेरीला कधी आली नव्हती. मास्तरने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या बुटांकडे. ओढ्याच्या तोंडचा चिखल राखाडी असतो, इतर कुठला चिखल तसा नसतो. तो वळला आणि चालू लागला.

पुलापासून पुढे कोणी बोललं नाही. मी शेवटी असल्याने मला फक्त पाठी दिसत होत्या. थंडी होती. झाडांतून पाणी ठिबकत होतं आणि वाट कुजलेल्या पानांनी मऊ झाली होती, चालताना वाटायचं आपण कोणाच्या तरी अंगावरून चाललोय. मला आठवतं, मी तेव्हा महिनाअखेरचा विचार करत होतो. कार्यक्रम बंद झाला की सकाळी सातची तिकिटं नाहीत, म्हणजे मला तासभर जास्त झोप. माझी तक्रार काहीच नव्हती.

काठावर पोचलो आणि पुढच्या माणसाच्या तोंडून आवाज निघाला.

चिखलावर ठसे होते. गवतापासून पाण्यापर्यंत एक नीट ओळ. खोल, स्वच्छ, पाच बोटांचे. लोक नियम विसरले. “तेच! तेच आहे!” कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबांचे स्वच्छ बूट घोट्यापर्यंत चिखलात गेले आणि त्यांना कळलंही नाही.

“मास्तर! पाणमांजर ना हे?”

मास्तर उकिडवा बसला. पहिल्या ठशाशी, मग दुसऱ्याशी, मग कडेकडेने पाण्यापर्यंत गेला आणि परत आला.

“बोला की हो. एरवी कोल्ह्याचं एक नख दिसलं तर अर्धा तास बोलता.”

मास्तर पुन्हा पहिल्या ठशाशी वाकला.

“ताई,” साहेब मुलीला म्हणाले, “पळत जा, केंद्रातला कॅमेरा आणा. एकेका ठशाचा फोटो हवा, पट्टी ठेवून. वरच्या कचेरीत ठसे ओळखणारी दोन माणसं आहेत, आजच पाठवून देतो. त्यांनी हो म्हटलं की झालं, महिनाअखेर गेली खड्ड्यात.”

ती निघाली. माझ्या शेजारून गेली तेव्हा तिचा श्वास ऐकू आला. तिचा चेहरा चार वर्षांत मी इतका उघडा कधी पाहिला नव्हता. परीक्षा चांगली गेलेल्या मुलीसारखा.

गर्दीत मला पुढे सरकायला जागा मिळाली. मी ठसे बघितले. रविवारचा तो वर्ग मीही अकरा वर्षं खिडकीतून ऐकला होता, नको असताना. धाकटं बोट डावीकडे. पुढचा ठसा, धाकटं बोट डावीकडे. त्याच्या पुढचा, डावीकडे. पाण्यापर्यंत. एक पाणमांजर एकाच पायावर लंगडी घालत तळ्यात गेलं होतं.

 ही गोष्ट सांगायची असेल तर मास्तरला तोंड उघडावं लागणार होतं, आणि तोंड उघडायला तो कधीच कचरला नव्हता. नाही सांगितलं तरी अर्ध्या तासाने फोटो जाणार होते. तिकडच्या त्या दोन माणसांना एक मिनिट लागलं असतं. मग खणातला पंजा, मग केंद्राची किल्ली कोणाकडे, मग टेबल. बंद होण्याआधीच, आणि वर लबाडीचा शिक्का. मी मास्तरकडे बघत राहिलो. खरं सांगायचं तर वाट बघत राहिलो. ह्या माणसाने बावीस वर्षं सगळ्या जगाला खरं तोंडावर फेकून मारलं होतं. आता स्वतःच्या मुलीला मारतो का, ते मला बघायचं होतं.

“मास्तर,” दुर्बीणवाल्या बाई खाली वाकल्या होत्या. “मागच्या वेळी तुम्हीच मुलांना सांगितलं होतं ना, धाकटं बोट आतल्या बाजूला असतं म्हणून? मग हे सगळे...”

मास्तर उठला. झाडाला टेकवलेली फळी उचलली. पाण्याच्या कडेला गेला, ओणवा झाला आणि शेवटच्या ठशावर फळी टेकवून मागे सरकू लागला.

एक क्षण कोणालाच कळलं नाही.

“अहो, काय करताय?” साहेब ओरडले. “मास्तर! थांबा! पुरावा आहे तो!”

फळी चालत होती. रोज संध्याकाळी चालायची तशीच, न घाई, न उशीर. एक गृहस्थ त्याचा खांदा धरायला पुढे झाले आणि चिखलात घसरले. कुणाचं तरी पोर रडायला लागलं. “वेडा आहे हा!” “आमच्या पोरांच्या तोंडचा घास काढला!” “ह्याला पगार देतात?” मागून कुणीतरी एक अशी शिवी दिली की ती मी फक्त गाड्यांच्या जागेत ऐकली होती. मास्तर मागे मागे सरत गवतापर्यंत आला, स्वतःचं शेवटचं पाऊल पुसलं, आणि फळी झाडाला टेकवली. चिखल कोऱ्या कागदासारखा झाला होता.

साहेबांचे ओठ पांढरे पडले होते. “लेखी द्यावं लागेल,” ते म्हणाले. “आजच्या आज. बत्तीस माणसांनी बघितलंय. द्वेष, दुसरं काही नाही. पाणमांजर आलं तर माझं म्हणणं खरं ठरतं ना, तेच बघवलं नाही तुम्हाला.”

बाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी चिखलाकडे बघितलं, मग मास्तरकडे बराच वेळ. मग दुर्बीण गळ्यातून काढली, डबीत घातली आणि मुलांना म्हणाल्या, “चला.”

तेव्हा मुलगी आली. पळून पळून लाल झालेली, वाकड्या मनगटाला कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळलेला. तिला वाटेतच आरडाओरडा ऐकू आला असणार. तिने पट्ट्याकडे बघितलं. मग बापाकडे. मी माणसांच्या डोळ्यांत राग खूप पाहिलाय, खिडकीत बसणाऱ्याला दुसरं काय दिसतं? पण असा नाही.

परत येताना नियम कोणी मोडला नाही, कारण बोलायला कोणाकडे काही उरलं नव्हतं.

केंद्रात लोकांनी आपापले फोन घेतले आणि शिव्या देत गाड्यांकडे गेले. साहेब आतल्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, ते वरच्या कचेरीला फोनवर सांगत होते. “हो, खात्रीने. मी स्वतः पाहिले. बत्तीस साक्षीदार. नाही, फोटो नाहीत, तेच सांगतोय. कर्मचाऱ्याने सूडबुद्धीने नष्ट केले. कार्यक्रम चालू ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. हो, टेबलसुद्धा. हा माणूस मात्र नको. ताबडतोब नको.”

मुलगी हे ऐकत नव्हती. ती बापासमोर उभी होती.

“समाधान झालं? जन्मभर हेच केलंत. काही उमटलं की फिरवा फळी. आई, मी, सगळं. एकदा, फक्त एकदा माझ्यासाठी गप्प बसता आलं नसतं? बघून न बघितल्यासारखं करता आलं नसतं? बोला ना! आता का बोलत नाही?”

मास्तर तिच्या बाजूने वर्गाच्या खोलीत गेला. खण ओढला. प्लास्टरचा पंजा बाहेर काढला. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत राखाडी चिखल होता, अजून ओला. मुलीचं बोलणं मधेच तुटलं. मास्तरने नळ सोडला आणि पंजा धुतला, एकेक बोट, नखाने कोरून कोरून. धाकट्या बोटाशी जरा जास्त वेळ लागला. सदऱ्याच्या टोकाला पुसला, उजेडात धरून पाहिला, परत खणात ठेवला आणि खण सारला. मग ओल्या फडक्याने नळाखालचा राखाडी ओघळ पुसला.

मी दारात होतो. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणेल, ए खिडकी. आणि मी काय करीन ते मलाच ठाऊक नव्हतं. त्याच्याबद्दल माझ्याकडे अकरा वर्षांचं साठलेलं होतं आणि साहेब दहा पावलांवर होते. मी काहीच केलं नाही. तेही त्याच्यासाठी नाही.

आतून साहेबांचा आवाज आला, फोनवर हात ठेवून. “ताई, तक्त्यावर लिहून टाका. पाणमांजर. मोठ्या अक्षरात.”

तक्ता दारातच होता. ‘आज दिसलं’. खाली कोरा. मास्तर त्याच्यासमोर गेला आणि कडेच्या खाचेतला खडू उचलला. हात वर गेला तेव्हा मला वाटलं, ‘काही नाही’ लिहितो आता. हात तिथेच थांबला. काही नाही असं तरी कसं लिहिणार? दिसलं तर होतंच.

त्याने हात खाली घेतला. गळ्यातली फेरीची शिट्टी काढून खुंटीला अडकवली. टेबलाशी आला, खडू मुलीच्या पुढ्यात ठेवला, तिच्या चांगल्या हाताच्या बाजूला, आणि दाराबाहेर पडला.  कमानीवरच्या त्या हसणाऱ्या जनावराखालून तो बाहेर गेला.